अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे : पागेतल्या कष्टावर उभी राहिली देशातली पहिली सर्कस

सर्कस म्हटलं की वाघ, हत्ती आणि झोक्यावरची कसरत डोळ्यांपुढं येते. पण आपल्या देशातली पहिली सर्कस उभी राहिली ती घोड्यांच्या जिवावर. आणि ती उभी करणारा माणूस आपल्याच कृष्णाकाठचा. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे. गाव अंकलखोप, आजचा पलूस तालुका. शेजारच्या औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला लांबून माणसं येतात, पण या गावानं देशाला सर्कस दिली हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असतं.

पुस्तकात मन रमेना

विष्णुपंतांचा लहानपणाचा काळ जमखंडीला गेला. शाळेत त्यांचं लक्ष लागत नव्हतं. नाद दोनच, गाणं आणि जनावरं. हेच दोन नाद त्यांना ग्वाल्हेरला घेऊन गेले. शिंद्यांच्या त्या गावात तेव्हा उस्ताद हद्दू खाँ यांच्या गाण्याचा दबदबा होता, आणि बाबासाहेब आपटे हे घोडे शिकवण्यात नामांकित होते. विष्णुपंतांनी दोघांनाही गुरू केलं. एकीकडं तालीम गळ्याची, दुसरीकडं घोड्याची.

तो काळही समजून घ्यायला हवा. पेशवाई १८१८ साली संपली आणि मराठ्यांच्या मोठमोठ्या पागा मोडल्या. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टं एकेकाळी देशभर दौडली होती, त्यांना आता लढाईचं काम उरलं नव्हतं. घोड्याची विद्या टिकली ती संस्थानिकांच्या तबेल्यांत. ग्वाल्हेरहून परतल्यावर विष्णुपंत कुरुंदवाडच्या पटवर्धनांच्या पदरी राहिले. काम घोड्यांचंच.

पागेतला दिवस

घोड्यांचा कळप सांभाळणं म्हणजे काय, हे ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला वेगळं सांगायला नको. पण घोडा हा गाय-बैलापेक्षा नाजूक.

पागेतला दिवस अंधारातच सुरू होतो. आधी लीद उचलायची, ओली जागा कोरडी करायची. ओलीत उभ्या राहिलेल्या घोड्याचे खूर नासतात. मग खरारा. खराऱ्यानं अंग नुसतं चकचकीत होत नाही, तर हात फिरवता फिरवता कुठं सूज आहे, कुठं खोगीर लागलंय, कुठं अंग तापलंय, हे मोतद्दाराला कळतं. चारही खूर उचलून आतली माती आणि खडे काढायचे. खूर नखासारखे वाढत राहतात, म्हणून दीड-दोन महिन्यांनी नालबंदाला बोलवावंच लागतं.

खाण्याचं तर फारच जपावं लागतं. घोडा रवंथ करत नाही. त्याचं पोट अंगाच्या मानानं लहान आणि त्याला उलटी होत नाही. एकदम जास्त चंदी पोटात गेली की पोटशूळ उठतो, आणि धडधाकट घोडा एका रात्रीत हातचा जातो. म्हणून गवत थोडं थोडं, दिवसभर. पाणी आधी, हरभऱ्याचा तोबरा नंतर. या क्रमाला सण नाही की सुट्टी नाही.

शिकवणं त्याच्या पुढचं. घोडा मुळात भित्रा. समोर फडकं हललं तरी पळायचं, हाच त्याचा स्वभाव. अशा जनावराला लांब दोरीवर गोल फिरवून एकाच चालीवर आणायचं, याला आपल्याकडं कावा देणं म्हणतात. त्याच्या पाठीवर माणूस उभा राहणार असेल तर चाल तसूभरही चुकून चालत नाही. मारून पळवता येतं, पण मारून एका चालीवर ठेवता येत नाही. त्यासाठी घोड्याचा विश्वास लागतो, आणि तो रोजच्या खराऱ्यातून, तोबऱ्यातूनच मिळतो.

मुंबईत पडलेली ठिणगी

१८७९ च्या डिसेंबरात इटलीचा ज्युसेप्पे कियारिनी आपली सर्कस घेऊन मुंबईत आला. तेव्हाची मुंबई घोड्यांवरच चालायची. १८७४ पासून ट्रामसुद्धा घोडेच ओढत होते. आजचं बोरिवली, वसई हा सगळा भाग तेव्हा खेड्यांचा. तिकडच्या माळांवरचं गवत बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं.

कियारिनीचा खेळ पाहायला कुरुंदवाडचे राजे बाळासाहेब पटवर्धन गेले, सोबत विष्णुपंत होते. पुढची हकीगत आजवर सांगितली जाते ती अशी. हिंदुस्थानात अशी सर्कस नाही, आणि व्हायला अजून बराच काळ लागेल, असं कियारिनी बोलून गेला. सहा महिन्यांत घोड्यांचे असले खेळ करून दाखवणाऱ्या इथल्या माणसाला एक हजार रुपये आणि एक घोडा देण्याचं आव्हानही त्यानं दिलं. विष्णुपंतांनी ते उचललं.

गंमत अशी की सर्कशीचा जन्मच घोड्यापासून झालेला. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप अ‍ॅस्टली या घोडदळातल्या माणसानं गोल रिंगणात धावत्या घोड्यावर उभं राहून खेळ दाखवले. घोडा गोल धावला की पाठीवरच्या माणसाला तोल धरणं सोपं जातं. पुढं रिंगण ४२ फुटांचं ठरलं, ते आजही जगभर तेवढंच आहे. कियारिनीला जी गोष्ट इथं नाही असं वाटलं, तिचं मूळ आपल्या पागांमध्ये होतंच. तंबू आणि रिंगण तेवढं नव्हतं.

सहा महिने लागलेच नाहीत. २० मार्च १८८० रोजी मुंबईत विष्णुपंतांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ झाला. घोड्यांची कामं स्वतः विष्णुपंतांनी केली. त्यांच्या पत्नीही झोक्यावरची कसरत करायच्या, जनावरं शिकवायच्या. ज्या काळात घरंदाज बाईनं उंबरा ओलांडला तरी चर्चा व्हायची, त्या काळात ही बाई तंबूत हजारो डोळ्यांसमोर उभी राहिली. कियारिनीनं पुढं आपलं सामान विष्णुपंतांनाच विकलं, असं सांगतात.

फिरतं घर, फिरती पागा

सर्कस निघाली आणि घर, तबेला, धंदा सगळं एकत्र फिरू लागलं. सगळ्यात कठीण भाग इथंच होता. तंबू रिकामा राहिला तर माणूस एक वेळ उपाशी झोपतो, घोड्याला ते सांगता येत नाही. नवं गाव म्हणजे नवं पाणी, नवं गवत, आणि दोन्ही बदलली की पोट बिघडायची भीती. अशा स्थितीत विष्णुपंतांनी देशभर खेळ केले, समुद्रापलीकडं सिलोनपर्यंत मजल मारली.

केरळातल्या तलश्शेरीला सर्कस गेली तेव्हा कीलेरी कुन्हिकण्णन या कसरतीच्या शिक्षकाशी त्यांची गाठ पडली. विष्णुपंतांचा खेळ पाहून कुन्हिकण्णन यांनी मुलांना सर्कशीचं शिक्षण द्यायला घेतलं, १९०१ साली चिरक्करा इथं शाळाच काढली. पुढं देशभरच्या सर्कशींत केरळचे कलाकार भरले, त्याची सुरुवात अशी झाली.

गुरूच्या मुलाला आधार

विष्णुपंत घोड्यांना जपायचे तसंच माणसांनाही. हद्दू खाँ यांचे पुत्र रहिमत खाँ वडिलांच्या मागं पार खचले, भटकत राहिले. गळा देवाघरचा, पण स्वतःची शुद्ध नाही. विष्णुपंतांना ते बनारसेत हलाखीत सापडले, असं सांगतात. विष्णुपंतांनी त्यांना सोबत आणलं, सर्कशीबरोबर फिरवलं, खाण्यापिण्याची काळजी घेतली. सर्कस जिथं जाई तिथं रहिमत खाँ यांचं गाणंही पोचू लागलं. लोक त्यांना भूगंधर्व म्हणू लागले. १९२२ साली कुरुंदवाडलाच त्यांनी देह ठेवला. गुरूचं ऋण असं फेडलेलं फार थोडं पाहायला मिळतं.

उतारवयात विष्णुपंतांनी सर्कशीचा कारभार घरातल्याच काशिनाथपंत छत्रे यांच्या हाती दिला. २० फेब्रुवारी १९०५ रोजी ते गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईतली घोड्यांची ट्रामही कायमची थांबली. रस्त्यावरचं घोड्याचं राज्य सरत आलं होतं.

२० मार्चला सर्कसवाले आजही पहिल्या खेळाची आठवण काढतात. पलूस, वाळवा, शिरोळकडं घराघरांत शर्यतीचा बैल नाहीतर वरातीचा घोडा लेकरासारखा जपणारी माणसं आहेत. जनावरामागं वेळ घालवतो म्हणून त्यांना घरच्यांची बोलणीही खावी लागतात. शाळेत मन न रमलेल्या अंकलखोपच्या पोराकडं तीच विद्या होती. तिच्याच बळावर त्यानं तीन महिन्यांत मुंबईला खेळ दाखवला.