फ्रँकलिनचा पतंग सगळ्यांना माहितीय, पण माणसं वाचवली ती त्याच्या जमिनीत गेलेल्या तारेनं

ऑफिसमधल्या सर्व्हर रॅकचं किंवा सोसायटीच्या मीटर रूममधल्या पॅनेलचं दार उघडून बघा. जाडजूड केबल्सच्या गर्दीत एक हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर दिसते. पॅनेलच्या पत्र्याला कसलेली ती वायर तांब्याच्या पट्टीवर जाते आणि तिथून पुढे अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत. रोजच्या कामाचा करंट तिच्यातून जात नाही. तिच्याशिवायही मशीन सुरू होतं, म्हणून घाईत काम उरकणारे सगळ्यात आधी दुर्लक्ष करतात ते तिच्याकडेच.

वीज जमिनीत सोडायला तार लावायची, ही गोष्ट जगाला शिकवली अमेरिकेतल्या एका छापखानेवाल्यानं. शंभर डॉलरच्या नोटेवर ज्याचं चित्र आहे, तो बेंजामिन फ्रँकलिन.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ चा, बॉस्टनचा. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. घरात सतरा पोरं, त्यातला हा पंधरावा. शाळा झाली जेमतेम दोन वर्षं. मग थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी, त्याच्याशी भांडण, आणि १७२३ मध्ये पळून थेट फिलाडेल्फिया. तिथं त्यानं स्वतःचा छापखाना काढला, वर्तमानपत्र चालवलं, पंचांगं विकली आणि इतका पैसा कमावला की ४२ व्या वर्षी धंद्यातून मोकळा झाला.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. १७३६ मध्ये त्यानं गावात आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांची टोळी उभी केली होती. त्या काळात घरांमध्ये लाकूड भरपूर, आणि वीज पडली की आग ठरलेली. विजेचा नाद त्याला पुढं लागला, पण आगीची धास्ती आधीपासून होती.

लंडनहून आलेली एक काचेची नळी घासून ठिणग्या पाडण्यापासून त्याचे प्रयोग सुरू झाले. पुढं तो वीज साठवणाऱ्या बरण्या वापरू लागला. १७५० च्या डिसेंबरमध्ये अशाच दोन बरण्यांच्या झटक्यानं टर्की पक्षी मारून दाखवायला गेला आणि नजरचुकीनं झटका स्वतःच खाल्ला. क्षणभर शुद्धच हरपली. विजेला वाट हवी असते आणि वाट म्हणून माणूसही चालतो, हे त्याला अंगावर कळलं.

ढगातली वीज आणि बरणीतली वीज एकच, हे तपासायचा प्रयोग त्यानं कागदावर मांडला. तो आधी करून दाखवला फ्रेंचांनी, १० मे १७५२ रोजी पॅरिसजवळच्या मार्ली गावात. फ्रँकलिनचा पतंग उडाला तो त्याच वर्षी जूनमध्ये. सोबतीला मुलगा विल्यम. त्या पतंगावर वीज पडलीच नव्हती. ढगातला थोडासा भार ओल्या दोऱ्यातून किल्लीपर्यंत उतरला, एवढंच. हातात कोरडी रेशमी फीत होती म्हणून आणि नशीब बलवत्तर म्हणून बापलेक वाचले. (पुढं स्वातंत्र्ययुद्धात हा विल्यम इंग्रजांच्या बाजूनं गेला. बापानं त्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही.)

जॉर्ज रिचमन इतका नशीबवान नव्हता. सेंट पीटर्सबर्गच्या या शास्त्रज्ञानं छपरावरून लोखंडी दांडी घरात आणली होती. वीज मोजायची होती, म्हणून तिचं खालचं टोक मुद्दामच जमिनीला जोडलेलं नव्हतं. ऑगस्ट १७५३ मध्ये वादळ आलं, रिचमन मोजमाप बघायला वाकला आणि वीज दांडीतून त्याच्या कपाळावर आली. तो जागीच गेला.

फ्रँकलिनच्या घरातही असाच धोका होता. त्याच्या छपरावरची दांडी खाली जमिनीत जात होती खरी, पण जिन्यापाशी त्यानं ती तोडून मध्ये सहा इंचांची फट ठेवली होती आणि दोन्ही टोकांना घंटा लावल्या होत्या. ढग आले की घंटा आपोआप वाजायच्या. तो १७५७ मध्ये लंडनला गेला आणि त्या घंटांची भीती एकट्या बायकोच्या, डेबोराच्या वाट्याला आली. तिनं कळवल्यावर त्यानं उपाय सांगितला तो साधाच: दोन्ही घंटा एका तारेनं जोडून टाक. तार सलग झाली की घंटा गप्प.

दांडी कशी लावायची, हे त्यानं १७५३ च्या पंचांगात छापून टाकलं होतं. पेटंट घेतलं नाही. वरचं टोक घराच्या सहा-आठ फूट वर, खालचं तीन-चार फूट ओल्या जमिनीत. पण काही वर्षांनी फिलाडेल्फियातल्या एका व्यापाऱ्याच्या दांडीवर वीज पडली, तेव्हा घर वाचलं, पण दांडीच्या पायथ्याशी फरशीवर वीज पसरलेली दिसली. खालची माती कोरडी असणार, हे फ्रँकलिननं ओळखलं. मग पुढच्या सूचना आल्या: ओल लागेपर्यंत खाली जा, दांडी पायापासून सहा-आठ फूट लांब वळवा, तिथून आणखी खाली न्या. आपल्याकडे अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून वर पाणी ओततात, ते याच ओलीसाठी.

सगळ्यात मोठी परीक्षा झाली इंग्लंडमध्ये. १७६९ मध्ये इटलीतल्या ब्रेशा शहरात दारूगोळ्यावर वीज पडून शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्यामुळे टेम्सकाठच्या पर्फ्लीटच्या दारू कोठाराची काळजी सुरू झाली. १७७२ च्या समितीत फ्रँकलिन होता. त्याचं म्हणणं, दांडीचं टोक अणकुचीदार हवं. बेंजामिन विल्सन नावाचा सदस्य अडून बसला, टोक बोथटच हवं. १७७७ मध्ये तिथल्या एका इमारतीवर वीज पडली आणि थोड्या विटा फुटल्या. तोवर अमेरिकेशी युद्ध पेटलेलं, फ्रँकलिन बंडखोर ठरलेला, त्यामुळे राजा तिसरा जॉर्ज बोथट टोकाच्या बाजूनं उभा राहिला.

भांडण टोकावर झालं. विटा मात्र फुटल्या होत्या वेगळ्याच कारणानं. कठड्याचे दगड धरून ठेवणारी एक लोखंडी पकड दांडीच्या तारेला जोडलेलीच नव्हती. वीज तिच्यावर पडली आणि जोडलेल्या शिशाच्या पन्हळीपर्यंतचं काही इंचांचं अंतर तिनं विटा फोडून पार केलं.

आज पॅनेलच्या दाराला विणलेली तांब्याची पट्टी लावतात, लगखालचा रंग खरवडून काढतात आणि रॅकचा प्रत्येक सुटा पत्रा एकाच अर्थला जोडतात. फट राहू नये म्हणूनच. आत एखादी लाइव्ह वायर निसटून पत्र्याला टेकली, तर करंट त्या जोडणीतून परत जातो आणि एमसीबी ट्रिप होतो. जोडणी नसेल तर पत्रा तसाच जिवंत राहतो, कुणीतरी दाराला हात लावेपर्यंत.

टोकाबाबत फ्रँकलिनचा अंदाज चुकलाच होता म्हणायचा. अणकुचीदार टोक ढगाला हळूहळू रिकामं करेल आणि वीज पडणारच नाही, असं त्याला वाटायचं. ते खरं नाही. अमेरिकेतल्या अलीकडच्या प्रयोगांत तर थोडं बोथट टोकच सरस ठरलं. पण वीज पडलीच तर तिला सलग तारेनं जमिनीत न्यायचं, हे त्याचं म्हणणं टिकलं.

१७८५ मध्ये तो फ्रान्सहून कायमचा परतला. आयुष्यातली बरीच वर्षं घरात गुलाम ठेवलेला हा माणूस म्हातारपणी गुलामीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. १७ एप्रिल १७९० रोजी, ८४ व्या वर्षी तो गेला. त्याच्या तीनेक वर्षं आधी त्याला एक गोष्ट कळली. तो परदेशात असताना त्याच्या घरावर वीज पडून गेली होती. दांडीचं नऊ इंची तांब्याचं टोक जवळजवळ सगळं वितळलं होतं. घराला मात्र काही झालं नव्हतं.