फिलिप हेन्री गॉस
फिलिप हेन्री गॉस (६ एप्रिल १८१०:वूस्टर, इंग्लंड - २३ ऑगस्ट १८८८:सेंट मेरीचर्च, टॉर्की, इंग्लंड) हे इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ, लेखक व चित्रकार होते. समुद्री जीव घरातील काचेच्या टाकीत जिवंत ठेवण्याची पद्धत रूढ करणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव अग्रगण्य आहे.

वडील लघुचित्रे रंगवत गावोगाव फिरत. कुटुंबाची परिस्थिती बेताची होती. १८२७ मध्ये गॉस कारकून म्हणून न्यूफाउंडलंडला गेले. कीटकांचा अभ्यास त्यांनी तेथेच स्वतःच्या बळावर केला. पुढे कॅनडात शेती, अलाबामात शिक्षकी आणि जमैकात पक्षिनिरीक्षण असा प्रवास घडला.

१८५२ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव ते डेव्हन किनाऱ्यावर राहिले. समुद्रपुष्पे व प्रवाळ टाकीत ठेवून सोबत हिरवे शैवल वाढविल्यास पाणी दीर्घकाळ शुद्ध राहते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. (रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनशास्त्रज्ञ त्याच सुमारास याच निष्कर्षाप्रत आले होते.) इल्फ्राकूम येथे सापडलेल्या शेंदरी-सोनेरी प्रवाळाचे ‘बॅलॅनोफायलिया रेजिया’ हे नाव गॉस यांनीच दिले. अशा थंड पाण्यातील प्रवाळांच्या शरीरात सहजीवी शैवल नसते. त्यामुळे उष्ण कटिबंधातील प्रवाळांना लागणारा प्रखर प्रकाश त्यांना आवश्यक नसतो. १८५३ मध्ये लंडन प्राणिसंग्रहालयात सुरू झालेल्या जगातील पहिल्या सार्वजनिक मत्स्यालयासाठी त्यांनी जीव पुरविले. पुढील वर्षीच्या ‘द अक्वेरियम’ या ग्रंथाने हा छंद घरोघरी पोहोचविला.

समुद्रापासून दूर असलेल्या लंडनमध्ये खारे पाणी मिळविणे खर्चिक होते. १८५४ मध्ये गॉस यांनी मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड गोड्या पाण्यात विरघळवून कृत्रिम समुद्रजल तयार केले. त्यात आधी शैवल व काही दिवसांनी प्राणी सोडले. कॅल्शियमचे क्षार मात्र त्यांनी अत्यल्प समजून वगळले. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो, म्हणून आजच्या मिश्रणांत कॅल्शियमचे व क्षारतेचे प्रमाण जपणे ही पहिली अट मानली जाते. पिंपरी-चिंचवडसारख्या किनाऱ्यापासून दूरच्या शहरात समुद्री टाकी ठेवणे शक्य होते ते अशा तयार मिश्रणांमुळेच.

१८५६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. फेब्रुवारी १८५७ मध्ये पत्नी एमिली कर्करोगाने निवर्तल्या. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘ऑम्फॅलॉस’मध्ये त्यांनी भूगर्भशास्त्र व बायबलमधील सृष्टिकथा यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला, तो ना शास्त्रज्ञांना पटला ना धर्मनिष्ठांना. त्यानंतर १८६० मध्ये पूर्ण झालेला ‘ॲक्टिनोलॉजिया ब्रिटानिका’ हा ब्रिटिश समुद्रपुष्पे व प्रवाळ यांवरील ग्रंथ, स्वतः काढलेल्या रंगीत चित्रांसह, त्यांचे सर्वांत भक्कम शास्त्रीय कार्य ठरला.

त्यांच्या लेखनाने भारावलेल्या हौशी संग्राहकांनी डेव्हनची खडकाळ कुंडे ओरबाडून काढली. पुत्र एडमंड गॉस यांनी ‘फादर अँड सन’ (१९०७) या आत्मकथनात या विनाशाची व वडिलांना झालेल्या दुःखाची नोंद केली आहे. भारतात २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असून ते समुद्रातून काढण्यास बंदी आहे.