भागोजीशेठ कीर : मंदिराचं सांगतो, कारणाचं टाळतो

पावस : इथला माणूस कामाला रत्नागिरीत गेला की पतितपावन मंदिर बघतोच. ते बांधून दिलं भागोजीशेठ कीर यांनी. रत्नागिरीच्या गरीब भंडारी घरातला हा मुलगा मुंबईत गेला आणि बांधकामाचा मोठा ठेकेदार झाला. दादरच्या स्मशानभूमीलाही त्यांचंच नाव आहे.

२२ फेब्रुवारी १९३१ रोजी मंदिर सर्व जातींसाठी उघडलं. प्रेरणा रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांची. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटीही आले होते. एवढं आपण हौसेनं सांगतो. पण असं वेगळं देऊळ बांधावं का लागलं, बाकीच्या देवळांत कोणाला पायरीवरच थांबवत, हे विचारलं की पारावर सगळे गप्प!

पैसा आला तरी शेठना जात सुटली नव्हती. आणि खरं बोलायचं तर शिवाशीव भंडारी समाजातही पाळली जायचीच. शेठनी मात्र देऊळ फक्त आपल्या जातीपुरतं बांधलं नाही. जत्रेत नवा माणूस भेटला की आपण आजही आधी आडनाव विचारतो. कशासाठी, ते दोघांनाही ठाऊक असतं.