रॉबर्ट ब्रिस्को : अडतीस वर्षांचे खासदार

मुंबईच्या डॉ. ई. मोझेस रोडवरून आपल्यापैकी कोण गेले नसेल? आपल्या ज्ञातीचे डॉ. मोझेस १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते. मी राहते त्या नावन गावापासून बसने तासाभरावर असलेल्या डब्लिन शहरालाही असाच एक ज्यू महापौर लाभला. पण रॉबर्ट ब्रिस्को यांचे खरे आयुष्य गेले ते 'डॉइल'मध्ये, म्हणजे इथल्या लोकसभेत.

त्यांचा जन्म १८९४ साली डब्लिनला झाला. वडील अब्राहम लिथुआनियाहून आलेले, फर्निचरचे व्यापारी. त्यांनी एका मुलाला रॉबर्ट एमेट आणि दुसऱ्याला वुल्फ टोन या आयरिश देशभक्तांची नावे दिली. आपल्याकडे कुलाबा जिल्ह्यात एखाद्या तेल्याने मुलाचे नाव वासुदेव बळवंत ठेवावे, तसेच हे. स्वातंत्र्ययुद्धात मायकेल कॉलिन्स यांनी रॉबर्टना शस्त्रे मिळवण्यासाठी जर्मनीला पाठवले. पुढे १९२१ च्या तहावरून फूट पडली, तेव्हा ते डी व्हॅलेरांच्या बाजूला गेले आणि तिथेच राहिले.

१९२७ साली दोनदा हरून तिसऱ्या खेपेस ते निवडून आले. डॉइलचे ते पहिले ज्यू सदस्य. १९६५ पर्यंत मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा पाठवले, तरी मंत्रिपद कधीच मिळाले नाही. गरिबांना पिळणाऱ्या सावकारांना लगाम घालणारा १९३३ चा कायदा व्हावा म्हणून ते झटले. सावकारांत काही ज्यूही होते, पण ब्रिस्कोंनी त्यांची गय केली नाही.

त्यांची खरी कसोटी लागली ती हिटलरच्या काळात. युरोपातून सुटू पाहणाऱ्या ज्यूंसाठी त्यांनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. १९३८ मध्ये जाबोटिन्स्की डब्लिनला आले, तेव्हा ब्रिस्कोंनी त्यांची डी व्हॅलेरांशी गाठ घालून दिली. सरकार स्वतःच्याच पक्षाचे होते, तरी न्यायखाते बधले नाही. ज्यू जास्त आले तर देशात त्यांच्याविषयी द्वेष वाढेल, हे कारण! अर्ज, हमीपत्रे, शिक्के यांतून आम्ही परिचारिकाही गेलो आहोत, पण आमच्या कागदावर कुणाचा जीव अडकलेला नव्हता. युद्ध संपेपर्यंत फारच थोड्यांना प्रवेश मिळाला. १९४३ साली तर ऑलिव्हर फ्लॅनगन या नव्या सदस्याने भर सभागृहात ज्यूंना देशाबाहेर हाकलण्याची भाषा केली. त्याच सभागृहात ब्रिस्कोंना पुढेही बसायचे होते. ते पक्ष सोडून गेले नाहीत. यावरून त्यांना दोष देणारे आहेत, पण बाहेर पडून त्यांच्या हाती काय लागले असते, हे मला कळत नाही.

युद्धानंतर न्यायखात्याने अनाथ ज्यू मुलांनाही नकार दिला होता. या वेळी मात्र डी व्हॅलेरांनी तो फिरवला. १९४८ साली सुमारे १०० मुले डेल्व्हिनच्या क्लोनिन कॅसलमध्ये येऊन राहिली. नावनहून अथबॉयच्या रस्त्याने पश्चिमेला गेले की हे गाव लागते.

१९५६ साली डब्लिनच्या महापौरपदासाठी मते समसमान पडली. चिठ्ठी टाकली, तीत ब्रिस्कोंचे नाव निघाले. पुढच्या वर्षी सेंट पॅट्रिकच्या सणाला ते अमेरिकेत गेले. आयर्लंडचा महापौर आणि तो ज्यू, याचे तिथल्या लोकांना फार कौतुक वाटले. १९६१ साली ते दुसऱ्यांदा महापौर झाले. १९६५ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली आणि त्याच निवडणुकीत मुलगा बेन डॉइलवर गेला. रॉबर्ट ब्रिस्को १९६९ साली वारले.

त्याच वर्षी आमच्या मीथ परगण्यातून जॉन ब्रूटन प्रथम निवडून आले. १९९५ साली पंतप्रधान असताना ब्रूटन यांनी जाहीरपणे मान्य केले की, त्या संकटकाळी आयर्लंडने ज्यू कुटुंबांसाठी आपली दारे मोकळेपणी उघडली नव्हती. बेन ब्रिस्को तेव्हाही डॉइलचे सदस्य होते.