ए. डी. श्रॉफ : आधी सरकारी नियोजनाला साथ, मग खुल्या बाजारासाठी मोहीम

आंबेगाव तालुक्यातलं शिनोली असो की मुंबई, विमा म्हटलं की आधी एलआयसीच आठवते. पण १९५६ पूर्वी हा धंदा प्रामुख्याने खासगी कंपन्यांचा होता. तो सरकारकडे गेला, त्याच वर्षी मुंबईत खुल्या बाजाराची बाजू मांडणारी एक संस्था उभी राहिली. ती उभी करणारे होते अर्देशिर दाराबशॉ श्रॉफ.

कोण होते श्रॉफ?

जन्म १८९९ चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. शिक्षण सिडनहॅम कॉलेज आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. आधी शेअर बाजारात काम, पुढे टाटा समूहात.

१९४४ मध्ये आठ जणांनी 'बॉम्बे प्लॅन' मांडला. १५ वर्षांत १० हजार कोटी रुपये गुंतवण्याच्या या आराखड्यात सरकारला मोठी भूमिका होती. सही करणाऱ्यांत श्रॉफही होते.

त्याच वर्षी अमेरिकेत ब्रेटन वुड्स परिषद झाली. जागतिक बँक आणि आयएमएफचा पाया तिथेच घातला गेला. भारतीय शिष्टमंडळात श्रॉफ यांच्यासोबत होते मूळचे रायगडचे सी. डी. देशमुख.

मग बिनसलं कुठे?

जानेवारी १९५६ मध्ये अर्थमंत्री असलेल्या याच देशमुखांनी आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण केलं. २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या मिळून एलआयसी बनली. काही कंपन्यांतले गैरव्यवहार थांबावेत आणि विमा खेड्यापर्यंत जावा, ही सरकारची भूमिका. एप्रिलच्या औद्योगिक धोरणाने १७ उद्योगांचा पुढचा विस्तारही सरकारकडे सोपवला.

नियोजनाला श्रॉफ यांचा विरोध नव्हता. त्यांना खटकत होती ती मक्तेदारी.

फोरमने काय केलं?

जुलै १९५६ मध्ये 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज' सुरू झाली. निवडणूक लढवायची नाही, तर लोकमत घडवायचं, हा मार्ग. त्यासाठी व्याख्यानं आणि छोट्या पुस्तिका. आज आपण ज्याला थिंक टँक म्हणतो, त्याच्या जवळचं हे काम. ही उद्योगपतींचीच वकिली आहे, अशी टीकाही झाली.

१९६५ मध्ये श्रॉफ गेले, तेव्हा देशाचं धोरण बदललेलं नव्हतं. फोरमचं काम नानी पालखीवाला यांनी पुढे नेलं. त्यांची बजेटवरची भाषणं ऐकायला ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचं.

१९९१ मध्ये अर्थव्यवस्था खुली झाली आणि २००० मध्ये खासगी आयुर्विमा कंपन्या परत आल्या. ग्राहकाला पर्याय मिळाले. पण एलआयसीही टिकली, आणि तिची मालकी आजही मुख्यतः सरकारकडेच आहे.