धर्मानंद कोसंबी : सांकवाळहून निघालेला ज्ञानयात्री

मराठीतील आत्मचरित्रांची यादी कितीही आखूड केली, तरी धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' तीतून वगळता येत नाही. १९२४ साली पुस्तकरूपाने आलेल्या या ग्रंथाचे नावच लेखकाची वृत्ती सांगून जाते. आपले जीवन हे चरित्र म्हणून मिरवण्याजोगे आहे असे त्यांना वाटले नाही. जे घडले ते समाजापुढे मांडावे, एवढाच त्यांचा हेतू होता. गोव्याच्या एका खेड्यात नारळाच्या बागा सांभाळणारा, शालेय शिक्षण जेमतेम झालेला तरुण पुढे पाली भाषेचा जगन्मान्य पंडित कसा झाला, याची ही कहाणी आहे. ती सांगताना धर्मानंदांनी स्वतःला कुठेही सवलत दिलेली नाही.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांकवाळ येथे एका सारस्वत कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव दामोदर. पोर्तुगीज अमलातील त्या काळच्या गोव्यात खेड्यातल्या मुलाला शिक्षणाच्या वाटा फारशा खुल्या नव्हत्या. धर्मानंद मराठी लिहायला-वाचायला शिकले, घरची बागायत पाहू लागले आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, १८९१ मध्ये, बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. चारचौघांसारखे आयुष्य पुढे सरकत होते. पण मन संसारात रमत नव्हते. ज्ञानाची भूक होती आणि ती भागवण्याचे साधन हाताशी नव्हते. अशा अवस्थेत 'बालबोध' या मुलांसाठी निघणाऱ्या मासिकातला बुद्धचरित्राचा एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्या लेखाने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवली. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यायचा, मग त्यासाठी कितीही हालअपेष्टा सोसाव्या लागोत, असा निश्चय त्यांनी केला.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे तरुण पत्नी होती आणि नुकतीच जन्मलेली मुलगी माणिक होती. या प्रस्थानाला नंतरच्या कीर्तीमुळे तेजोवलय लाभले. मात्र त्या दिवसांत सांकवाळच्या घरात राहिलेल्या बाळाबाईंच्या वाट्याला काय आले असेल, याचा विचार केल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. पती परत येणार की नाही, हेही निश्चित नव्हते. विद्येच्या इतिहासात ज्यांची नावे लागत नाहीत, अशांनीही तिची किंमत मोजलेली असते.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. बौद्ध वाङ्मयाकडे वळायचे तर आधी संस्कृतचा पाया पक्का हवा, हे ओळखून धर्मानंद ग्वाल्हेरमार्गे काशीला पोहोचले. तेथे अन्नछत्रातील जेवणावर दिवस काढून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १९०२ मध्ये बौद्ध धर्माच्या शोधात ते नेपाळला गेले. पण तेथे जे दिसले त्याने त्यांची निराशाच झाली. तेथून ते बुद्धगयेला आले. पाली ग्रंथांचा अभ्यास करायचा तर सिंहलद्वीप गाठले पाहिजे, असे तेथे कळले आणि कलकत्त्यामार्गे हा निष्कांचन प्रवासी कोलंबोला पोहोचला. विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांनी पालीचे अध्ययन केले व श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. परकी हवा, परके अन्न, वारंवार ढासळणारी प्रकृती आणि रिकामा खिसा यांना तोंड देत त्यांनी त्रिपिटकाचे अध्ययन चालू ठेवले.

१९०६ मध्ये ते चीवर उतरवून कलकत्त्यात पाली शिकवू लागले. सात वर्षांनंतर घराशी तुटलेले नाते पुन्हा जुळले. १९०७ च्या जुलैमध्ये मुलगा झाला. हाच पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून विख्यात झालेला दामोदर कोसंबी. कलकत्त्यात स्थैर्य होते, मान होता. तरीही आपण मिळवलेले ज्ञान महाराष्ट्राला, मराठी भाषेत द्यावे, ही ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे, एवढ्या अटीवर दरमहा ५० रुपये देऊ केले. धर्मानंदांनी कलकत्त्याच्या त्याहून मोठ्या पगाराकडे पाठ फिरवून ते स्वीकारले. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने १९१० मध्ये प्रसिद्ध झाली. मूळ पालीच्या आधाराने लिहिलेले बौद्ध वाङ्मय मराठी वाचकाला मिळू लागले ते येथपासून.

त्याच वर्षी त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने हाती घेतलेले बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचे संपादन त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले होते. प्रा. चार्ल्स लॅनमन यांच्या देखरेखीखाली ते पूर्ण करण्याचे काम धर्मानंदांकडे आले. त्यांनी ते निष्ठेने केले. परंतु ग्रंथाच्या मुखपृष्ठावर कोणाचे श्रम कोणत्या शब्दांत नोंदवायचे, यावरून लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. आपल्या श्रमाचे योग्य श्रेय मिळावे, ही त्यांची मागणी होती. १९१२ मध्ये ते परतले. त्यानंतरही १९१८, १९२६ आणि १९३१ असे आणखी तीनदा ते हार्वर्डला गेले. हार्वर्डच्या ग्रंथमालेतील ती आवृत्ती अखेर १९५० मध्ये निघाली. तेव्हा वॉरन, लॅनमन आणि कोसंबी यांच्यापैकी कोणीही हयात नव्हते. सुदैवाने धर्मानंदांनी स्वतः सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रकाशित केली होती.

१९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. महाराष्ट्रातील पालीच्या अध्यापनाची परंपरा येथे रुजली. पु. वि. बापट यांच्यासारखे संशोधक त्यांच्या हाताखाली घडले. चिमणराव-गुंड्याभाऊंमुळे घराघरांत पोहोचलेले चिं. वि. जोशी हेही पालीचे पंडित होते आणि तेही धर्मानंदांचेच विद्यार्थी, हे आज अनेकांना ठाऊक नसते.

नेमक्या याच वर्षांत भोपाळजवळ सांची येथे आणखी एक काम चालले होते. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख सर जॉन मार्शल १९१२ ते १९१९ या काळात तेथील स्तूपांचे उत्खनन व जीर्णोद्धार करीत होते आणि त्याचा खर्च भोपाळ संस्थानाच्या सुलतान जहान बेगमांनी उचलला होता. एकीकडे मुसलमान राजघराण्याच्या पैशातून बौद्ध वास्तू पुन्हा उभ्या राहत होत्या, तर दुसरीकडे एका मराठा संस्थानिकाच्या आधाराने एक गोमंतकीय पंडित बौद्ध ग्रंथ मराठीत आणीत होता. सांचीचे दगड आणि पालीचे शब्द असे दोन्ही मिळून या देशाला आपल्या एका विसरलेल्या वारशाची ओळख पटत गेली.

धर्मानंदांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ 'भगवान बुद्ध' हा होय. १९४० च्या सुमारास आलेल्या या ग्रंथाची पुढे साहित्य अकादमीने अनेक भारतीय भाषांत भाषांतरे करून घेतली. वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी यांच्या दर्शनाने सिद्धार्थाला वैराग्य आले आणि पत्नी व पुत्र निद्रिस्त असताना तो मध्यरात्री निघून गेला, ही लोकप्रिय कथा त्यांनी नाकारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात असलेल्या कलहाशी त्यांनी गृहत्यागाचा संबंध जोडला आणि प्राचीन सुत्तांच्या आधारे असे दाखवले, की सिद्धार्थ आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत घराबाहेर पडला. डॉ. आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातही रोहिणीच्या पाण्याचा हा कलह मध्यवर्ती आहे. ज्याने स्वतः तान्ह्या मुलीला मागे ठेवून घर सोडले, त्यानेच गृहत्यागाच्या कथेवरील काव्याचे आवरण दूर करावे, यात त्यांच्या सत्यनिष्ठेची कसोटी दिसते. घर सोडणाऱ्यामागे कोणी तरी रडत असते, ही गोष्ट त्यांनी झाकली नाही.

विद्वत्तेच्या कोशात ते बंदिस्त राहिले नाहीत. महात्मा गांधींच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी काम केले, १९२९ मध्ये रशियात लेनिनग्राडला जाऊन आले आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगवास पत्करला. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. समाजवादाविषयी त्यांना आस्था होती. पण अहिंसेवाचून समता टिकणार नाही, असे त्यांचे मत होते.

उतारवयात प्रकृती खालावली आणि आता आपल्या हातून काही कार्य होणार नाही असे वाटल्यावर त्यांनी अन्नत्यागाने देह ठेवण्याचा विचार केला. जैन परंपरेतील सल्लेखनेचा आदर्श त्यांच्यापुढे होता. गांधीजींच्या आग्रहाखातर पहिला प्रयत्न त्यांनी आवरता घेतला. अखेर सेवाग्राम आश्रमात पुन्हा उपवास सुरू झाला आणि ४ जून १९४७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. आदल्याच दिवशी देशाच्या फाळणीची योजना जाहीर झाली होती. त्या गदारोळात हा मृत्यू फारसा कोणाच्या ध्यानात आला नसता. गांधीजींनी मात्र प्रार्थनासभेत त्यांचे स्मरण केले. आपला अंत्यविधी कमीत कमी खर्चात व्हावा, एवढीच धर्मानंदांची इच्छा होती.

त्यांची नात, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी 'निवेदन'चे इंग्रजी भाषांतर करून आजोबांची ही कहाणी जगापुढे नेली. मूळ ग्रंथ मात्र आपल्याच भाषेत आहे. तो साधा आहे, सरळ आहे, आणि कोणाही गोमंतकीय विद्यार्थ्याला आपला वाटेल असा आहे. शिकण्याची साधने नाहीत अशी तक्रार करण्यापूर्वी सांकवाळच्या या माणसाने काय केले, ते एकदा वाचून पाहावे.