मिरजेचे वानलेस आणि त्यांचे शिल्प

वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रांगणांत पुतळे उभे राहतात, याचे आम्हांस वैषम्य नाही. आक्षेप आहे तो त्यांच्या एकसुरीपणास. उंच चबुतरा, त्यावर करारी मुद्रेचा पुरुष आणि खाली कोनशिला, एवढ्यात शिल्पकाराचे काम आटोपते. सातारा-सांगली भागात अशा विद्यालयांची आता वाण नाही. तेथील प्रांगणात कोणाचे शिल्प शोभेल, असा प्रश्न पडला की आम्हांस प्रथम आठवतात ते मिरजेचे सर विल्यम वानलेस.

वानलेस १८६५ साली कॅनडात जन्मले, न्यूयॉर्क येथे वैद्यक शिकले आणि १८८९ मध्ये प्रेसबिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून इकडे आले. आरंभ सांगलीतील लहानशा दवाखान्याने झाला. १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय उघडले. भूल देणे हेच जेथे नवल होते, तेथे हा मनुष्य शस्त्रक्रियेचे पाते उचलून उभा राहिला. मोतीबिंदूने आंधळे झालेले वृद्ध नातवंडांचा हात धरून मिरजेस येऊ लागले. एकट्याच्या हातांनी हे काम पुरे होणारे नाही, हे ओळखून त्यांनी १८९७ मध्ये वैद्यकाची शाळा काढली. त्यांच्या साऱ्या कार्यात आम्हांस ही दूरदृष्टी सर्वांत मोठी वाटते. महारोगी व क्षयरोगी यांचीही त्यांनी सोय केली. १९२८ मध्ये ‘सर’ ही पदवी घेऊन ते परतले आणि १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात निवर्तले. वानलेसवाडी हे नाव मात्र येथे राहिले. पुढे १९६२ मध्ये मिरजेस वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांना रुग्णशय्येपाशी उभे राहण्याचे शिक्षण याच रुग्णालयात मिळाले.

ते धर्मप्रसारकही होते, हे काही जणांस खटकते. त्यांनी तो हेतू कधी लपविला नाही, आणि आम्हीही तो झाकणार नाही. परंतु दृष्टी परत मिळालेल्या म्हाताऱ्याने त्या हातांचा धर्म विचारला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

म्हणूनच त्यांचे शिल्प घडवावयाचे तर चबुतरा नको. बाकावर बसलेला एक शेतकरी, डोळ्यावर पट्टी, शेजारी नातू आणि पट्टी सोडण्यासाठी वाकलेला डॉक्टर. तेही जमिनीलगत, बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी, जेथे रोग्यांना त्याच्या शेजारी टेकता येईल.